थेंबताईंच्या बरण्या

थेंबताईंचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते उच्चारायची वेळ क्वचितच कुणावर यायची. डोळ्यांच्या त्या दवाखान्यात शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना थेंबताईच म्हणत. त्यांचं काम एकच. तपासणीला आलेल्या माणसाला बाकावर बसवायचं, मान मागे टेकवायला सांगायचं, खालची पापणी बोटाने अलगद ओढायची आणि बाहुली मोठी करणाऱ्या औषधाचा थेंब सोडायचा. पंधरा मिनिटांनी दुसरा. हात असा हलका, की रडकं पोरसुद्धा थेंब पडून गेल्यावर विचारायचं, आता टाकणार का?

ते दालन लांबट होतं. बाहुल्या मोठ्या झालेल्या माणसाला उजेड सोसत नाही, म्हणून खिडक्यांना जाड पडदे. दिव्यांवर दुधी काचा. आणि एका भिंतीला, आडव्या झोपलेल्या माणसाएवढी लांब, खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यातला निळा उजेड फरशीवर सांडलेला असायचा आणि पाणी हललं की तोही हलायचा. बाकांवर बसलेल्यांना जवळचं काही धड दिसत नसे. कडा विरघळलेल्या, रंग एकमेकांत उतरलेले. सकाळी अकरा वाजताही माणसं तिथे नुकतीच झोपेतून उठल्यासारखी हळू बोलत. बाहेर भांडत आलेले नवरा-बायकोसुद्धा आत आले की कुजबुजायला लागत.

टाकी मोठ्या डॉक्टरांची. दवाखाना त्यांनीच काढलेला. डोळे दाखवायला आलेल्या माणसाला बघायला काहीतरी हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यात पोवळी होती. एक मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं, एक फांद्यांचं, एक तर मुठी उघडाव्यात मिटाव्यात तसं दिवसभर उघडझाप करणारं. "हे दगड नाहीत हं, जनावरं आहेत," असं डॉक्टरांनी थेंबताईंना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. दुपारी गर्दी ओसरली की ते खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचे आणि बोलता बोलता गप्प व्हायचे. थेंबताईही शेजारी उभ्या राहून बघत. बघायला त्या तिथेच शिकल्या.

त्या दवाखान्यात आल्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. नवरा दवाखान्याची गाडी चालवायचा. लग्नाच्या चौथ्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. डॉक्टरांनी बोलावून घेऊन काम दिलं. घरी राहिली ती नणंद, वयाने सात वर्षांनी मोठी, बिनलग्नाची, टेलिफोनच्या कचेरीत कामाला. मधला दुवा तुटल्यावर या दोघी वर्षभरसुद्धा एका छपराखाली राहायच्या नाहीत, असं सगळ्या नातेवाइकांचं मत पडलं. त्याला तीस वर्षं होऊन गेली. वन्संची जीभ तिखट, पण जेवायला त्या कधी एकट्या बसल्या नाहीत. थेंबताईंना उशीर झाला तर ताटं वाढून, वर झाकण ठेवून, खिडकीशी बसून राहत आणि आल्यावर म्हणत, "मला भूकच नव्हती."

निवृत्तीनंतर वन्संना काचबिंदू निघाला. या आजारात नजर कडेकडेने मिटत येते. त्यांना आता समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून पाहिल्यासारखं. दाराची चौकट दिसायची नाही, पण दारातल्या माणसाच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण दिसायचं. रोज सकाळी थेंबताई कामावर जाण्याआधी त्यांच्या डोळ्यांत औषध घालत. दवाखान्यात जे चाळीस वेळा करायचं, ते घरात एकदा. पण घरचा थेंब घालताना मात्र त्यांचा श्वास क्षणभर थांबायचा.

मोठे डॉक्टर वारले त्यानंतर महिन्याभराची गोष्ट. टाकीची निगा राखायला दर पंधरवड्याला एक गृहस्थ यायचे. सगळे त्यांना टाकीवाले म्हणत. त्यांनी एक नवा दगड आणला. डॉक्टरांनी आजारी पडण्याआधी मागवलेला तो दगड त्यांच्या पाठीमागून येऊन पोहोचला होता. टाकीवाल्यांनी तो कोपऱ्यात बसवला आणि ते गेले. दोन दिवसांनी थेंबताईंना त्या दगडाच्या फटीत एक इवलंसं फूल दिसलं. काचेसारखं, फिकट तपकिरी, बोटाच्या पेराएवढं. पाण्याच्या लाटेबरोबर त्याच्या बारीक दोऱ्या हलायच्या. जवळ सावली गेली की सर्रकन फटीत शिरायचं.

थेंबताईंना वाटलं, हे डॉक्टरांनीच पाठवलंय. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसले असते लोक. रोज सकाळी पडदे सारखे करताना त्या आधी त्या फटीकडे बघत आणि फूल दिसलं की त्यांना बरं वाटायचं. पुढच्या वेळी टाकीवाले आले तेव्हा तर त्या नेमक्या त्या कोपऱ्यासमोर उभ्या राहून त्यांच्याशी बोलत राहिल्या.

एकाची पाच झाली. पाचांची तीस झाली. मग मेंदूसारख्या पोवळ्याची कड पांढरी पडायला लागली. मुठी उघडणारं पोवळं दुपार झाली तरी मुठी मिटूनच बसायला लागलं. टाकीवाल्यांनी एक दिवस विजेरी मारून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, हे तण आहे," ते म्हणाले. "आयप्टेशिया म्हणतात याला. दिसायला फूल, पण दोऱ्यांना डंख असतो. शेजारच्या पोवळ्याला डंख मारून मारून हटवतं आणि त्याची जागा घेतं."

त्या दिवशी त्यांनी एका आजोबांच्या एकाच डोळ्यात लागोपाठ दोनदा थेंब घातला आणि दुसरा डोळा कोरडाच राहिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मग उपाय सुरू झाले. टाकीवाल्यांनी पिचकारीत उकळतं पाणी भरून एकेका फुलावर मारलं. फुलं विरघळल्यासारखी झाली, आठवड्याने पाहतात तो दुप्पट. त्याचं असं असतं, की पायाचा टाचणीच्या टोकाएवढा तुकडा जरी दगडाला चिकटून राहिला, तरी त्याचं नवं फूल होतं. म्हणजे मारायला जावं तेवढं पेरलं जातं. रोग परवडला पण औषध नको, अशी गत. मग त्यांनी लाल रेघांची पारदर्शक कोळंबी आणली. ही ते तण खाते म्हणे. खाल्लं खरं, चार-सहा दिवस. पुढे तिला कळलं, की माशांना घातलेलं आयतं खाणं जास्त चवदार असतं. मग ती तणाकडे ढुंकून बघेना. उलट पोवळ्यांच्या तोंडातला घास ओढून न्यायला लागली. कानामागून आली आणि तिखट झाली.

मोठ्या डॉक्टरांची मुलगी आता दवाखाना बघत होती. तिला सगळे धाकट्या डॉक्टर म्हणत. मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्यामागे कामांचा डोंगर होता. टाकीचं कौतुक करायला त्यांना वेळ नव्हता आणि वडिलांच्या टाकीला आपल्या डोळ्यांदेखत अशी कळा आलेली बघवतही नव्हती. दालनाचं रंगकाम साडेपाच महिन्यांवर आलं होतं. त्यांनी सांगितलं, की तोवर टाकी सुधारली नाही तर ती काढून तिथे मोठा टीव्ही लावायचा. मासे टाकीवाल्यांनी न्यावेत.

त्या आठवड्यात टाकीवाले एक छोटी बाटली घेऊन आले. तळाशी तांदळाच्या दाण्याएवढे सहा जीव. शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी. पाठभर मऊ मऊ केसांसारखे काटे, टोकं पांढरी. हे काटे तिचे स्वतःचे नसतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे काटे तिचे, पण त्यातला डंख त्या फुलाचा. ती फूल खाते आणि त्याचा डंख न पचवता पाठीवर साठवून ठेवते.

"ही दुसरं काही खात नाही?" थेंबताईंनी विचारलं.

"काहीच नाही. जन्मापासून मरेपर्यंत फक्त हेच तण."

"आणि ते संपलं की?"

"मग तीही संपते."

थेंबताईंनी बाटली उजेडाकडे धरली. तेवढ्यात आतून घंटी वाजली, तरी त्या लगेच हलल्या नाहीत.

गोगलगायी अंधारात हिंडतात, म्हणून त्या दिवे लागायच्या आधी सोडायच्या होत्या. सकाळी सहाला थेंबताई चावी घेऊन आल्या. दालनात कुणी नाही, टाकी काळसर, पाण्याचा तेवढा आवाज. टाकीवाल्यांनी नळी त्यांच्याच हातात दिली. "तुमच्यासारखा हात माझा नाही," म्हणाले. थेंबताईंनी एकेक गोगलगाय नळीत घेऊन फुलाच्या बुंध्याशी इतक्या हळू सोडली, की फूल मिटलंसुद्धा नाही.

त्यानंतर काही नाही. आठवडा गेला, तीन गेले, पाच गेले. फुलं वाढतच होती आणि गोगलगायींचा पत्ता नव्हता. शेवटी टाकीवाल्यांच्याच लक्षात आलं. टाकीत एक लहान मासा होता, जांभळ्या अंगावर केशरी रेघा. मुलं त्याला रेघोट्या म्हणत. पोवळ्यांवर चपटे किडे चढतात ते टिपायला मोठ्या डॉक्टरांनीच तो आणला होता, आणि ते काम तो वर्षानुवर्षं इमानाने करत आला होता. किडा कुठला आणि गोगलगाय कुठली, हे त्याला कोण सांगणार? कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

टाकीवाल्यांनी हात टेकले. सहा सोडून भागायचं नाही, पन्नास-साठ तरी हव्यात, आणि एवढ्या कुणाकडे मिळत नाहीत, असं ते म्हणाले. त्यांच्या दुकानात चारच उरल्या होत्या.

"त्या मला द्या," थेंबताई म्हणाल्या.

त्यांनी त्या घरी आणल्या. बरोबर काचेच्या पाच बरण्या, समुद्राचं म्हणून मिळणाऱ्या मिठाची पिशवी, पाण्यात हवा सोडणारं छोटं यंत्र, आणि एका डब्यात टाकीतला तणाने भरलेला दगड. कारण गोगलगायी वाढवायच्या तर त्यांना खायला घालायला आधी तण वाढवायला हवं. जे दवाखान्यातून घालवायचं होतं, तेच घरी आणून जोपासायचं होतं.

वन्संनी आवाजावरून ओळखलं, की काहीतरी जड आलंय. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या दवाखान्याला खरूज झाली, म्हणून तुम्ही ती घरी पाळायला आणलीत."

"चार महिन्यांपुरतं आहे, वन्सं."

"मी या घरात चार दिवसांसाठी राहायला आले होते, वहिनी."

बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या फळीवर लागल्या. तण वाढायला त्रास नव्हताच. कोळंबीची धुळीएवढी पिल्लं अंड्यांतून काढून थोडी थोडी टाकली, की फुलं हावऱ्यासारखी दोऱ्या पसरून ती पकडायची आणि आठवड्यात बरणीची काच फुलांनी भरून जायची. अवघड होतं ते गोगलगायींचं. पहिल्या खेपेला दोन मेल्या. पाणी खारट जास्त झालं होतं. थेंबताईंना वाटलं, संपलं. संध्याकाळी त्यांनी बरणीवर फडकं टाकलं आणि त्या न जेवता पडून राहिल्या.

एक गोष्ट त्यांनी वन्संना अजून सांगितली नव्हती, ती म्हणजे पहिल्या फुलाची. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांत औषध घालताना मात्र ती तोंडातून गेली. मान मागे टेकलेली, डोळे मिटलेले, अशा माणसाला सांगणं सोपं असतं. डॉक्टरांनी पाठवलंय असं वाटलं, म्हणून गप्प बसले, आणि टाकीवाल्यांपासून लपवलंसुद्धा. वन्संनी सगळं ऐकलं. मग डोळे न उघडता म्हणाल्या, "दुपारी मी एकटीच असते. फडकं काढून ठेवून जा."

तेव्हापासून दुपारी वन्सं भिंग घेऊन फळीसमोर बसायला लागल्या. त्यांच्या नजरेला आता फळी दिसत नव्हती, खिडकी दिसत नव्हती, शेजारची बरणीही नव्हती. पण एक बरणी, तिच्यातलं एक फूल आणि त्याच्याकडे निघालेली एक गोगलगाय, एवढं मावत होतं. बाकी सगळं जग बाजूला झालेलं, मध्ये थोडं पाणी आणि त्यात उजेड. दोन-दोन तास त्या अशा बसत. कधी कधी आपण बघतोय की झोपलोय हेही कळत नसे. पाण्यातून काहीतरी चाललंय, आपणही त्याच्याबरोबर चाललोय, पाय कुठे टेकत नाहीत, असं वाटायचं. संध्याकाळी थेंबताई आल्या की त्या त्यांना सगळं सांगत. गोगलगाय फुलापाशी कशी गेली, तिने आधी लांबून मिशी लावून कशी चाचपणी केली, पाठीवरचे काटे कसे पिंजारले, आणि मग कशी एकदम भिडली.

एका संध्याकाळी थेंबताई दारात चपला काढतात तोच आतून आवाज आला. तो टेलिफोनच्या कचेरीतला आवाज होता, स्वच्छ आणि सावकाश. "तीन नंबरची बरणी. काचेवर उजवीकडे, तळापासून चार बोटं वर. पांढरा दोरा, गोल गोल गुंडाळलेला. सकाळी नव्हता."

थेंबताईंनी भिंग घेतलं. त्यांना आधी काही दिसेना. मग दिसलं. नखाच्या अर्ध्याएवढं, दुधाळ, जिलबीसारखं वेटोळं. त्या दोऱ्यात शेकडो ठिपके होते. अंडी.

त्यांनी बरणीवर डोकं टेकवलं. वन्संनी आजूबाजूला हात फिरवून त्यांची पाठ शोधली आणि तिथेच हात ठेवला.

बारा दिवसांनी ठिपके हलले. पहिली पिल्लं बहुतेक मेली, कारण मोठी फुलं त्यांनाच खायची. मग दोघींनी शहाणपण शिकून पिल्लांच्या बरणीत फक्त लहान फुलं ठेवली. तिसऱ्या खेपेची जगली. पाचांच्या नऊ बरण्या झाल्या. भांड्यांची फळी गेली, मग मसाल्यांची गेली. शेजारीण साखर मागायला आली आणि बरण्यांकडे बघून न मागताच परत गेली. वन्सं रोज मोजणी करत आणि आकडा थेंबताईंना कामावर फोन करून सांगत. हे वेड दवाखान्यात कळायचं ते कळलंच. लोक हसले. पण साफसफाईच्या बाई रोज विचारायला लागल्या, आज किती?

रंगकामाला तीन आठवडे उरले तेव्हा आकडा सत्तावन्न होता. थेंबताई धाकट्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. आणखी तीन महिने मुदत हवी होती, पण ती मागण्याआधी सांगायचं होतं ते त्यांनी सांगून टाकलं. पहिलं फूल मी पाहिलं होतं. मला आवडलं म्हणून बोलले नाही. तेव्हाच बोलले असते तर एक दगड काढून भागलं असतं.

धाकट्या डॉक्टर थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या.

"ताई, मी तर तीस फुलं झाली तेव्हासुद्धा खूश होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, बाबा गेले आणि टाकी बहरली. मी फोटो काढून आईला पाठवला होता."

मग त्यांनी रंगारी आधी वरच्या मजल्यावर लावले.

रेघोट्याचा प्रश्न होता. त्याला टाकीत ठेवून गोगलगायी सोडण्यात अर्थ नव्हता आणि दिवसा तो जाळ्यात सापडत नसे. टाकीवाल्यांनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा अर्धी टाकी ढवळून निघाली. पण झोपताना तो मासा तोंडातून चिकट रस सोडून स्वतःभोवती पिशवी विणतो, असं त्यांनी सांगितलं. दिवे लागेपर्यंत तो त्यातच असतो.

म्हणून पुन्हा सकाळचे सहा. या वेळी वन्संही आल्या. त्यांना बाकावर बसवलं. टाकीवाल्यांनी लाल विजेरी धरली आणि थेंबताईंनी बाह्या खांद्यापर्यंत सरकवून हात पाण्यात घातला. पाणी कोमट होतं, अंगाएवढंच. थोड्या वेळाने आपला हात कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं, ते त्यांना कळेनासं झालं. फांद्यांच्या पोवळ्यामागे एक सुटा दगड होता. त्याच्या खोबणीत, धुक्याच्या पिशवीत, रेघोट्या झोपला होता. कल्ले हळू हळू हलत होते. एक डोळा उघडाच, पण त्याला काही दिसत नव्हतं. थेंबताईंनी दगडच उचलला. पाण्यातून वर, शेजारी धरलेल्या बादलीच्या पाण्यात, एका लयीत, पापणी न हलवता. पिशवी फाटली नाही. मासा जागा झाला नाही.

"झालं?" वन्संनी बाकावरून विचारलं.

"झालं."

"मला आवाजच आला नाही."

मग सत्तावन्न गोगलगायी. त्याला पाऊण तास लागला. शेवटची सोडून होईपर्यंत पडद्याच्या फटीतून उजेड आला होता आणि थेंबताईंची बोटं सुरकुतली होती. त्या हात पुसून नऊ वाजताच्या पेशंटांच्या तयारीला लागल्या.

फरक दिसायला सहा आठवडे लागले. आधी डाव्या कोपऱ्यात एका दगडावरची फुलं विरळ झाली. मग एका सोमवारी तो दगड स्वच्छ होता. काचेच्या वरच्या कडेला पांढरी वेटोळी दिसायला लागली. म्हणजे आता त्या टाकीतच घर करत होत्या. तिसऱ्या महिन्यात मुठी उघडणाऱ्या पोवळ्याने एका दुपारी मुठी उघडल्या. धाकट्या डॉक्टर दोन पेशंटांच्या मधे बाहेर आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पुढच्या पेशंटला वीस मिनिटं थांबावं लागलं. मेंदूसारख्या पोवळ्याची गेलेली कड मात्र परत आली नाही. तिथे अजूनही पांढरा व्रण आहे.

टीव्हीचं नाव पुन्हा निघालं नाही. पण तण संपत आलं तशा गोगलगायी दिसायला लागल्या. भुकेल्या, फिकट झालेल्या, भर उजेडात काचेवरून हिंडणाऱ्या. टाकीवाले म्हणाले, की हे असंच असतं, त्यांचं काम झालं. थेंबताईंना ते पटलं नाही. त्यांनी आठवडाभर रोज सकाळी लवकर येऊन नळीने एकेक गोळा केली. एकोणीस सापडल्या. रेघोट्याला परत सोडण्याआधी त्या सगळ्या घरी आल्या.

"आता यांना काय घालणार?" वन्संनी विचारलं, पण त्यांचा हात आधीच फळीवर बरण्या पुढेमागे करून जागा करत होता.

चार महिन्यांपुरत्या आलेल्या बरण्या सहा वर्षं राहिल्या. टाकीवाल्यांनी आपल्या इतर गिऱ्हाइकांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. कुठल्या हॉटेलातला माणूस बाटली घेऊन यायचा, कुठल्या शाळेतल्या बाई यायच्या. थेंबताई गोगलगायी देत आणि एकच अट घालत. तण संपलं की उरलेल्या मरू द्यायच्या नाहीत, कळवायचं. कळवायला फोन वन्संना. कुणाकडे गोगलगायी उपाशी आहेत आणि कुणाकडे तण माजलंय, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. इकडचा माणूस तिकडे जोडून द्यायच्या. दुसऱ्या वर्षी त्यांच्या नजरेची नळी मिटत मिटत टाचणीच्या भोकाएवढी झाली, आणि एका सकाळी थेंबताईंनी औषध घातल्यावर त्या म्हणाल्या, "उद्यापासून नको. उगाच गाल ओले होतात." थेंबताईंनी बाटलीचं झाकण लावलं. त्या दिवशी त्यांनी रजा घेतली आणि दोघी दिवसभर बरण्यांचं पाणी बदलत बसल्या. वन्सं बरणी धरायच्या, थेंबताई ओतायच्या.

थेंबताई निवृत्त झाल्या त्या वर्षी कडक उन्हाळा पडला आणि दोन दिवस वीज गेली. हवेची यंत्रं बंद. दोघींनी ओल्या फडक्यांनी बरण्या गुंडाळल्या, आळीपाळीने नळीने फुंकून हवा घातली. तिसऱ्या दिवशी एकही गोगलगाय जिवंत नव्हती. तण मात्र होतं तसं डुलत होतं. त्याला काही होत नाही.

थेंबताई बरण्या धुवायला मोरीत घेऊन गेल्या. आता पुरे, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. बाहेर वन्सं फोनवर बोलत होत्या. एक झाला, दुसरा झाला, तिसरा. शांत आवाजात त्या एवढंच सांगत होत्या, "आमच्या गेल्या. तुमच्याकडे असतील तर बघा."

चौथ्या दिवशी दार वाजलं. हॉटेलातला माणूस होता, घामाने निथळलेला, छातीशी बाटली धरून. दोन गाड्या बदलून आला होता आणि बाटली हलू नये म्हणून उभ्यानेच आला होता. "तुमच्याच आहेत," तो म्हणाला. "म्हणजे त्यांची नातवंडं असतील."

थेंबताईंनी बाटली खिडकीत धरली. सात होत्या.

"चालतायत का?" वन्संनी आतून विचारलं.

"चालतायत."

"मग चहा टाका, वहिनी. त्यांना नको, माणसाला."